दुसरीकडचा मेल आयडी थंडरबर्डला जोडताना: आधी काय ठरवायचं, मग काय भरायचं

भोसरीतल्या वर्कशॉपला गिऱ्हाइकाची ड्रॉइंग मेलवर येतात, अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्याला पुस्तकांच्या फायली येतात, सोसायटीच्या सेक्रेटरींना ऑडिटरची पत्रं येतात. कंपनीच्या डोमेनचा (तिच्या स्वतःच्या वेब-नावाचा) एक आयडी, जीमेलचा दुसरा, कधीकाळी काढलेला याहूचा तिसरा, असे आयडी साठत जातात आणि प्रत्येकासाठी ब्राउझरचा वेगळा टॅब उघडावा लागतो. बरेच जण डोमेनचा मेल पॉपने, म्हणजे मेल उतरवून घेण्याच्या एका पद्धतीने, जीमेलमध्येच ओढून घेत होते, पण २०२६पासून गूगलने ती सोय मागे घ्यायला सुरुवात केली आहे. मग सगळे आयडी कॉम्प्युटरवरच्या एकाच मेल प्रोग्रॅममध्ये आणणं सोयीचं पडतं.

हा लेख थंडरबर्ड धरून लिहिला आहे. तो फुकट मिळतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतो. आउटलुकसाठी पुढे वेगळा भाग आहे. प्रत्यक्ष जोडणी दहा मिनिटांची. मेल हरवतात ते बहुतेक वेळा एक गोष्ट आधी न ठरवल्यामुळे: मेलची मूळ प्रत कुठे राहणार, सर्व्हरवर (मेल सांभाळणाऱ्या कंपनीच्या मशीनवर) की या कॉम्प्युटरवर? म्हणून सुरुवात तिथूनच.

एक सूचना: खाली सर्व्हरचे पत्ते देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना इंग्रजीतली लहान अक्षरं वापरा, ‘डॉट’च्या जागी टिंब द्या आणि मध्ये कुठेही जागा सोडू नका.

१. आयमॅप की पॉप, हे आधी ठरवा

आयमॅप आणि पॉप या सर्व्हरवरचा मेल मिळवण्याच्या दोन पद्धती. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवरच राहतो. थंडरबर्ड त्याची प्रत दाखवतो. इथे वाचलेला मेल फोनवरही वाचलेला दिसतो आणि इथे काढून टाकलेला तिथूनही जातो. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरून कॉम्प्युटरवर येतो आणि सेटिंगप्रमाणे काही दिवसांनी सर्व्हरवरून पुसला जातो. पाठवलेले मेल तर पॉपमध्ये ज्या मशीनवरून पाठवले तिथेच राहतात, सर्व्हरला त्यांचा पत्ताच नसतो.

आयडी एकाहून जास्त ठिकाणी उघडत असेल तर आयमॅपच घ्या. सोसायटीचं उदाहरण बघा. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार एकच आयडी आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर वापरतात. तिघांतल्या एकाने जरी पॉपने जोडला आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची खूण काढली, तरी पत्रं त्याच्या एकट्याच्या मशीनमध्ये जाऊन बसतात. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, ऑडिटर मागच्या जुलैमधलं पत्र मागतो, आणि बाकी दोघांच्या इनबॉक्समध्ये ते नसतंच.

पॉप उपयोगी पडतो तो एका वेगळ्या परिस्थितीत: होस्टिंगवाल्याने (तुमच्या डोमेनचा मेल सांभाळणाऱ्या कंपनीने) मेलबॉक्सला अगदी थोडी जागा दिली आहे, मशीन एकच आहे आणि तुम्ही नियमाने बॅकअप घेता. या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील तरच त्या वाटेला जा. आणि तेव्हाही सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ला खूण ठेवून दिवसांचा आकडा तपासा. तिथे १४ असेल, तर दोन आठवड्यांपेक्षा जुना मेल सर्व्हरवर उरणार नाही.

थंडरबर्डमध्ये एकदा जोडलेलं खातं आयमॅपवरून पॉपवर किंवा उलट बदलता येत नाही. नवीन खातं म्हणून पुन्हा जोडावं लागतं.

२. बसण्याआधी हे हाताशी ठेवा

- पूर्ण मेल आयडी आणि त्याचा चालू पासवर्ड. आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघा. तिथेच चालत नसेल तर थंडरबर्डमध्येही चालणार नाही.
- ज्या मोबाइलवर ओटीपी किंवा गूगलचा ‘तुम्हीच आहात का’ हा प्रश्न येतो तो मोबाइल. सोसायटीच्या आणि छोट्या ऑफिसांच्या आयडीला बरेचदा जुन्या सेक्रेटरींचा किंवा सोडून गेलेल्या माणसाचा नंबर असतो. तो नंबर आधी बदलून घ्या, नाहीतर काम अर्ध्यात अडकेल.
- डोमेनचा आयडी असेल तर होस्टिंगवाल्याने दिलेलं सेटिंगचं पत्र. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पान) असेल तर ‘ईमेल अकाउंट्स’मध्ये त्या आयडीसमोर ‘कनेक्ट डिव्हायसेस’ हे बटण असतं, सगळे आकडे तिथे मिळतात.
- विंडोज १० किंवा ११. विंडोज ७ आणि ८.१ वर थंडरबर्डची ११५ ही शेवटची आवृत्ती चालते, पुढची बसत नाही.
- मेलबॉक्सच्या आकाराच्या निदान दीडपट मोकळी डिस्क. जीमेलमध्ये किती जागा भरली आहे ते इनबॉक्सच्या तळाशी दिसतं, पण फुकट खात्याच्या १५ जीबीमध्ये ड्राइव्ह आणि फोटोही धरलेले असतात हे लक्षात घ्या.
- कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ बरोबर असणं. हे क्षुल्लक वाटतं, पण जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तसं झालं की प्रत्येक सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याचं डिजिटल ओळखपत्र) अवैध ठरतं आणि एकही खातं जोडलं जात नाही. बॅटरी बदला, तारीख लावा, मग पुढे जा.

३. खात्याच्या बाजूने दार उघडं आहे का ते बघा

पासवर्ड बरोबर असूनही ‘पासवर्ड चुकला’ असं येतं ते याच पायरीत काही राहून गेलं म्हणून.

जीमेल: जुन्या लेखांत ‘लेस सिक्युअर ॲप्स चालू करा’ असं लिहिलेलं सापडेल. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय मे २०२२च्या अखेरीस बंद झाली, तिथे वेळ घालवू नका. आयमॅप चालू करण्याचा पर्यायही आता दिसणार नाही, कारण जानेवारी २०२५पासून वैयक्तिक जीमेलमध्ये आयमॅप कायम चालूच असतो. थंडरबर्ड ‘ओऑथ२’ पद्धतीने जोडतो. म्हणजे गूगलचं स्वतःचं लॉगिन पान उघडतं, तुम्ही तिथे पासवर्ड देता आणि थंडरबर्डला फक्त परवानगीचं टोकन मिळतं.

ज्या प्रोग्रॅमला ओऑथ२ येत नाही, जसं आउटलुकची जुनी आवृत्ती किंवा ऑफिसातला स्कॅन करून मेल करणारा झेरॉक्स मशीनवाला स्कॅनर, त्याला ‘ॲप पासवर्ड’ लागतो. त्यासाठी आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू हवं. मग गूगल खात्याच्या सिक्युरिटी भागात ‘ॲप पासवर्ड्स’ शोधा, ‘ऑफिस स्कॅनर’ असं काहीतरी ओळखता येईल असं नाव द्या. १६ अक्षरं मिळतील, चार-चारच्या गटात. ती एकदाच दिसतात. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. ‘काल पासवर्ड बदलला, आज स्कॅनर बंद पडला’ या तक्रारीचं कारण हेच.

आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेल: १६ सप्टेंबर २०२४पासून साध्या पासवर्डने जोडणी बंद आहे, ओऑथ२च चालतं. ब्राउझरमधल्या सेटिंग्जमध्ये आयमॅपची परवानगी चालू आहे का तेही बघा. कंपनीचं मायक्रोसॉफ्ट ३६५ खातं असेल तर परवानगी तुमच्या हातात नसते, ॲडमिनने द्यावी लागते.

झोहो: सेटिंग्जमध्ये त्या खात्याचा ‘आयमॅप ॲक्सेस’ हाताने चालू करावा लागतो. दुसरा घोळ पत्त्याचा. तुमचं खातं भारतातल्या डेटा सेंटरवर असेल तर पत्ता डॉट कॉम नव्हे, डॉट इन असतो. ब्राउझरमध्ये लॉगिन करून वरच्या पट्टीत मेल डॉट झोहो डॉट इन दिसतं की डॉट कॉम, ते बघा. जे तिथे, तेच सर्व्हरमध्ये.

४. थंडरबर्डमध्ये खातं जोडा

पहिल्यांदा उघडल्यावर खातं जोडण्याची खिडकी आपोआप येते. नाही आली तर उजवीकडच्या तीन आडव्या रेघांचा मेनू उघडा, ‘न्यू अकाउंट’, मग ‘ईमेल’. नाव, पूर्ण मेल आयडी आणि पासवर्ड भरा. नावाच्या जागी जे लिहाल तेच समोरच्याला दिसतं, म्हणून तिथे ‘ॲडमिन’ लिहू नका. संस्थेचं किंवा माणसाचं नाव मराठीत लिहिलं तरी व्यवस्थित जातं.

‘कंटिन्यू’ दाबल्यावर थंडरबर्ड सेटिंग स्वतः शोधतो. जीमेल, याहू, आउटलुक, झोहो यांसारख्यांची माहिती त्याच्या यादीत असते. तो आयमॅप सुचवतो, ते राहू द्या आणि ‘डन’ दाबा. जीमेल किंवा हॉटमेल असेल तर लॉगिनची खिडकी उघडेल, परवानगी द्या. ही खिडकी पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा तीच उघडत राहिली तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘ॲक्सेप्ट कुकीज फ्रॉम साइट्स’ला खूण करा. कुकी बंद असल्या की ओऑथ२ पुरं होत नाही.

डोमेनच्या आयडीला मात्र यादीतून काही सापडत नाही. मग थंडरबर्ड अंदाज करतो आणि तोही फसला की हाताने भरायचा फॉर्म समोर येतो. त्यात सर्व्हरच्या रकान्यात आधीच टिंबाने सुरू होणारं तुमच्या डोमेनचं नाव भरलेलं दिसेल. तो खरा पत्ता नाही, टिंबाच्या आधीची जागा थंडरबर्डने तुमच्यासाठी सोडलेली आहे. पुष्कळ जण ते तसंच ठेवून ‘री-टेस्ट’ दाबत बसतात. ते पूर्ण खोडा आणि होस्टिंगवाल्याने दिलेलं नाव लिहा.

येणाऱ्या मेलसाठी:
- प्रोटोकॉल: आयमॅप
- पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक): ९९३
- कनेक्शन सिक्युरिटी: एसएसएल/टीएलएस
- ऑथेंटिकेशन: होस्टिंगच्या खात्याला ‘नॉर्मल पासवर्ड’, जीमेल आणि हॉटमेलला ‘ओऑथ२’
- यूजरनेम: पूर्ण मेल आयडी, ॲटच्या पुढच्या भागासकट

थंडरबर्ड कधी कधी यूजरनेममध्ये ॲटच्या आधीचाच भाग भरतो. सीपॅनेलच्या सर्व्हरला तो चालत नाही.

‘नॉर्मल पासवर्ड’ हा शब्द वाचून घाबरू नका. खालची जोडणी एसएसएलने कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेली, असेल तर पासवर्ड वाटेत कोणाला दिसत नाही. धोका आहे तो कनेक्शन सिक्युरिटीच्या जागी ‘नन’ निवडण्यात. तसं कधीही करू नका, होस्टिंगवाल्याने फोनवर सांगितलं तरी.

नेहमी लागणारे पत्ते:
- जीमेल: येणारा आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, जाणारा एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम
- याहू: येणारा आयमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, जाणारा एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम
- हॉटमेल, आउटलुक डॉट कॉम: येणारा आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम (आकडा इंग्रजीत), जाणाऱ्यासाठी एसएमटीपी, मग जोडरेघ, मग मेल डॉट आउटलुक डॉट कॉम
- झोहो, भारतातलं वैयक्तिक खातं: आयमॅप डॉट झोहो डॉट इन आणि एसएमटीपी डॉट झोहो डॉट इन. स्वतःचं डोमेन असलेल्या संस्थेला आयमॅपप्रो आणि एसएमटीपीप्रो

५. जाणाऱ्या मेलचा सर्व्हर नीट लावा

मेल येतो पण जात नाही, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. कारण येणारा आणि जाणारा हे दोन वेगळे सर्व्हर आहेत आणि पहिला चालला म्हणजे दुसरा चालेलच असं नाही.

पोर्ट दोनच लक्षात ठेवा. ४६५ असेल तर सिक्युरिटी ‘एसएसएल/टीएलएस’. ५८७ असेल तर ‘स्टार्टटीएलएस’. ही जोडी उलटसुलट झाली की प्रोग्रॅम नुसता फिरत राहतो आणि शेवटी टाइमआउट होतो. मायक्रोसॉफ्टला ५८७च लागतो. २५ हा पोर्ट सर्व्हरने सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे, घरच्या आणि ऑफिसच्या इंटरनेटवर तो बहुधा अडवलेला असतो.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. एका थंडरबर्डमध्ये दोन-तीन आयडी असले की नवीन आयडीला कधी कधी पहिल्याच खात्याचा जाणारा सर्व्हर चिकटतो. समजा पहिला आयडी तुमचा वैयक्तिक जीमेल आहे आणि दुसरा वर्कशॉपच्या डोमेनचा. तुम्ही वर्कशॉपच्या आयडीवरून कोटेशन पाठवलं, पण ते गेलं जीमेलच्या सर्व्हरमधून. जीमेल ‘फ्रॉम’च्या जागी लॉगिन केलेल्या खात्याचा पत्ता घालतो. गिऱ्हाइकाला कोटेशन तुमच्या खासगी आयडीवरून आल्याचं दिसतं आणि त्याची ऑर्डरही तिकडेच येते. उलट दिशेने, म्हणजे जीमेलचा पत्ता घालून होस्टिंगच्या सर्व्हरमधून पाठवलं, तर मेल थेट स्पॅममध्ये पडण्याचीच शक्यता जास्त, कारण तो सर्व्हर जीमेलच्या वतीने पाठवायला अधिकृत नाही.

म्हणून ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडा, डावीकडे प्रत्येक आयडीच्या नावावर क्लिक करा आणि उजव्या पानाच्या तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ कोणता लागला आहे ते एकेक करून तपासा. ज्याचा त्याला.

स्वतःचं डोमेन असेल तर होस्टिंगवाल्याला विचारा, ‘एसपीएफ आणि डीकेआयएम लावलं आहे का?’ मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या या दोन खुणा. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू निदान एकाची तरी अपेक्षा प्रत्येक पाठवणाऱ्याकडून करतात. ते नसेल तर थंडरबर्डचं सेटिंग कितीही बरोबर असलं तरी गिऱ्हाइकाच्या जीमेलला तुमचा मेल नीट पोचेलच असं नाही.

६. फोल्डर जुळवा

‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये पाठवलेले, ड्राफ्ट आणि टेम्प्लेट कुठे ठेवायचे ते ठरतं. ते ‘लोकल फोल्डर्स’वर असेल तर तुमचे पाठवलेले मेल याच मशीनवर राहतील, फोनवर दिसणार नाहीत. त्या आयडीचाच ‘सेंट’ फोल्डर निवडा.

जीमेल पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो. प्रत्येक मेल दोनदा दिसत असेल तर ‘प्लेस अ कॉपी इन’ची खूण काढा. होस्टिंगच्या खात्याला मात्र ती खूण हवीच.

तुमच्या जीमेलची भाषा मराठी असेल तर थंडरबर्डमध्येही त्याचे फोल्डर मराठी नावांनी येतात. ते बिघाड समजून नवीन ‘सेंट’ फोल्डर बनवू नका. मग अर्धे मेल एकात आणि अर्धे दुसऱ्यात जातात.

७. पहिला मेल उतरताना घाई नको

सुरुवातीला थंडरबर्ड आयमॅपचे सगळे फोल्डर पूर्ण उतरवायला घेतो. जीमेलमध्ये एकच मेल इनबॉक्समध्ये, लेबलमध्ये आणि ‘ऑल मेल’मध्ये असा तीनदा दिसतो, आणि डिस्कवर जागाही तितकी घेतो. ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘ऑल मेल’ची खूण काढून टाका. तो फोल्डर दिसत राहील, फक्त उतरवला जाणार नाही. मात्र आर्काइव्ह केलेले मेल फक्त तिथेच असतात हे विसरू नका.

त्याच पानावर ‘अलीकडचे इतके दिवस’ असा पर्याय आहे. रोजच्या कामाला ३६५ दिवस पुरतात. जुना मेल सर्व्हरवर राहतोच.

मोठा मेलबॉक्स एका बैठकीत उतरत नाही. गूगल वर्कस्पेसच्या, म्हणजे संस्थांसाठीच्या जीमेलच्या, नियमात आयमॅपने दिवसाला २५०० एमबीच उतरवता येतात, म्हणजे १० जीबीला चार दिवस तरी धरा. मर्यादा ओलांडली की खातं काही काळ अडतं. पुण्यात बऱ्याच भागांत देखभालीची वीज गुरुवारी जाते, तेव्हा यूपीएस नसेल तर बुधवारी रात्री मोठं सिंक लावून झोपू नका. मध्येच मशीन बंद पडलं आणि नंतर फोल्डरमध्ये रिकाम्या ओळी किंवा एकावर क्लिक केलं की दुसराच मेल असं दिसू लागलं, तर त्या फोल्डरवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘रिपेअर फोल्डर’. त्याने सूची नव्याने बांधली जाते, आयमॅपमधला मेल त्यात जात नाही.

८. चाचणी घ्या

स्वतःच स्वतःला मेल पाठवून भागत नाही. तीन गोष्टी करा. नव्या आयडीवरून दुसऱ्या कंपनीच्या आयडीला, म्हणजे डोमेनवरून जीमेलला, एक मेल पाठवा आणि तो स्पॅममध्ये तर गेला नाही ना ते पाहा. त्याला तिकडून उत्तर द्या आणि उत्तर बरोबर आयडीवर येतं का बघा. मग ब्राउझरमध्ये उघडून तो मेल ‘सेंट’मध्ये एकदाच दिसतो का तपासा.

एक मेल मराठीत पाठवा आणि सोबत मराठी नावाची पीडीएफ जोडा. डीटीपीवाल्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे: श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर मेलमध्ये चिकटवला, तर ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला चिन्हांचा गोंधळ दिसतो. मेलमधला मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फाँटची फाइल पीडीएफ करून जोडा.

जोडण्यांच्या आकाराचंही बघा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून साधारण १८ एमबीच्या वरची फाइल थंडरबर्डमधून परत येते. छापखान्याच्या कव्हरची फाइल यात बसत नाही. ती ड्राइव्हवर टाकून दुवा पाठवा.

९. अडलं तर कुठे बघायचं

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही. तिसरी पायरी पुन्हा पाहा. मग यूजरनेम पूर्ण आहे का ते. जुना साठवलेला पासवर्ड सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’तल्या ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मधून काढून टाका, म्हणजे थंडरबर्ड नव्याने विचारेल.

सर्टिफिकेटचं नाव जुळत नाही. स्वस्त होस्टिंगवर एका सर्व्हरवर शेकडो डोमेन असतात आणि सर्टिफिकेट कधी कधी होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्याच नावाने असतं. तुम्ही ‘मेल डॉट तुमचं डोमेन’ लिहिलेलं असतं, म्हणून नाव जुळत नाही. इथे ‘ॲड एक्सेप्शन’ दाबून मोकळं होण्याचा मोह होतो. त्याऐवजी सर्टिफिकेट उघडून त्यावरचं नाव वाचा, ते होस्टिंगवाल्याचंच आहे याची त्याच्याकडून खात्री करा आणि सर्व्हरच्या रकान्यात ते लिहा. प्रश्न कायमचा मिटतो.

नुसतं फिरतं, टाइमआउट होतं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. हॉटस्पॉटवर चाललं तर ऑफिस, कॉलेज किंवा को-वर्किंगच्या नेटवर्कमध्ये पोर्ट अडवलेला आहे, तुमच्या सेटिंगमध्ये काही बदलू नका. हॉटस्पॉटवरही अडलं तर अँटिव्हायरसमधलं मेल तपासणारं कलम दोन मिनिटं बंद करून बघा आणि लगेच परत चालू करा.

ऑफिसात सगळ्यांचाच मेल एकदम बंद. इंटरनेट चालू, ब्राउझर चालू, फक्त मेल नाही, असं असेल तर कोणाच्या तरी फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला आहे का ते शोधा. पासवर्ड बदलल्यावर तो फोन दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड पाठवत राहतो, होस्टिंगचा सर्व्हर त्याला हल्ला समजतो आणि ऑफिसचा आयपी पत्ताच (इंटरनेटवरचा क्रमांक) अडवतो. सगळे एकाच वायफायवर, म्हणून सगळे बंद. आधी त्या फोनमधलं खातं दुरुस्त करा, मगच होस्टिंगवाल्याला आयपी मोकळा करायला सांगा. उलट क्रमाने केलं तर थोड्याच वेळात पुन्हा तेच.

‘खूप जोडण्या’ असा संदेश. थंडरबर्ड एका खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या उघडतो. जीमेल एका खात्याला एका वेळी १५च देतो. एकच आयडी तीन कॉम्प्युटरवर असला की १५ तिथेच भरल्या, फोनला काही उरलं नाही. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून ५च्या जागी २ करा, प्रत्येक मशीनवर.

मेल गेला, पण ‘सेंट’मध्ये प्रत ठेवता आली नाही. मेलबॉक्स भरलेला असण्याची शक्यता आहे. मेल गिऱ्हाइकाला पोचलेला असतो, म्हणून पुन्हा पाठवू नका, एकच बिल दोनदा जाईल. आधी जागा करा.

१०. आउटलुकवाल्यांसाठी

विंडोजमधला जुना ‘मेल’ प्रोग्रॅम २०२४च्या अखेरीस बंद झाला आणि त्याच्या जागी ‘नवं आउटलुक’ आलं. त्यात दुसऱ्या कंपनीचं खातं आयमॅपने जोडलं की मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही सिंक होतो. गिऱ्हाइकांची गोपनीय कागदपत्रं हाताळणाऱ्या सीए किंवा वकिलांच्या ऑफिसने हे माहीत असूनच होकार द्यावा.

जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मेल’मधून हाताने जोडणं जास्त भरवशाचं. ‘मोअर सेटिंग्ज’मध्ये ‘आउटगोइंग सर्व्हर’ टॅबवर ‘माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ला खूण करायला विसरलात तर मेल येतील, जाणार नाहीत. पोर्ट ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर. पॉपचा मेल पीएसटी फाइलमध्ये बसतो, बॅकअप तिचा घ्यायचा. आयमॅपची ओएसटी फाइल ही नुसती प्रत असते.

११. बॅकअप, आणि मशीन दुसऱ्याकडे जाताना

‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा, ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचं ‘ओपन फोल्डर’ दाबा, थंडरबर्ड बंद करा आणि तो पूर्ण फोल्डर कॉपी करा. थंडरबर्ड एका मेल फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे इनबॉक्सची फाइल सहज ४ जीबीच्या पुढे जाते. फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि कॉपी तिथेच थांबते. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. काढून टाकलेले मेलही ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत त्या फाइलमध्ये जागा अडवून असतात, म्हणून बॅकअपच्या आधी कॉम्पॅक्ट करून घ्या.

सर्व्हरवर जागा करायची म्हणून आयमॅपमधले जुने मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ओढले, तर ते सर्व्हरवरून जातात. आता ती प्रत एकुलती एक. त्या दिवसापासून बॅकअप ऐच्छिक राहत नाही.

कमिटी बदलली, माणूस नोकरी सोडून गेला किंवा मशीन विकायला काढलं, की आधी खात्याचा पासवर्ड बदला. मग गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर जाऊन त्या मशीनचं लॉगिन आणि थंडरबर्डला दिलेली परवानगी काढा. त्यानंतर मशीनवर बसून ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये खाली ‘अकाउंट ॲक्शन्स’, ‘रिमूव्ह अकाउंट’. इथे ‘रिमूव्ह मेसेज डेटा’ अशी एक खूण असते. आयमॅपचं खातं असेल तर ती बिनधास्त करा, मूळ मेल सर्व्हरवर आहेत. पॉपचं असेल तर तिला हात लावण्याआधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून, आतले मेल दिसतात हे डोळ्यांनी बघून या.